अपक्ष उमेदवाराच्या खर्चाची वही

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत एका अपक्ष उमेदवाराचा सगळा खर्च मी लिहिला. बँकेत खातं उघडण्यापासून ते जिल्हाधिकारी कार्यालयात हिशेब दाखल करून पोच घेईपर्यंत. तयारीला लागले तेव्हा निवडणूक आयोगाच्या सूचनांचं जाडजूड इंग्रजी संकलन मिळालं, पण उद्या सकाळी कुठल्या टेबलावर काय घेऊन जायचं, हे मराठीत सांगणारं काही सापडेना. पुढच्या वेळी कुणी साधा माणूस उभा राहिला, तर त्याची वही लिहिणाऱ्याला ही धास्ती कमी वाटावी म्हणून सगळं क्रमाने मांडते.

मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. उमेदवार म्हणजे आमच्या तालुक्यातल्या हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. मी त्यांची विद्यार्थिनी, त्यामुळे आजही ‘सर’च. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली आणि त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. “बाळ, भाषणं मी करीन, गावं पोरं फिरतील. पैशाचं तू बघ. वहीबाहेर एक रुपया जाता कामा नये.” निवडणूक प्रतिनिधीशिवाय खर्चासाठी वेगळा प्रतिनिधी नेमता येतो, हे मला तेव्हा कळलं. त्याचं नियुक्तिपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावं लागतं, आणि मग तुमची सही त्या टेबलावर चालते.

पहिलं काम बँकेचं. निवडणुकीसाठी स्वतंत्र खातं लागतं आणि ते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं असावं लागतं. खातं उमेदवाराच्या एकट्याच्या नावावर किंवा निवडणूक प्रतिनिधीबरोबर संयुक्त चालतं. बायकोबरोबर किंवा मुलाबरोबर चालत नाही. शाखेत गेलो तर तिथल्या साहेबांना अशा खात्याबद्दल काही सूचना आहेत याचीच कल्पना नव्हती, आणि चेकबुकाला आठ-दहा दिवस लागतील म्हणाले. उमेदवारांची खाती आणि चेकबुकं प्राधान्याने द्यावीत, असं आयोगाने बँकांना कळवलेलं असतं. ते पान छापून घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तेव्हा काम झालं. म्हणून एक सांगते, निवडणूक जाहीर होण्याची वाट न बघता तो कागद पिशवीत ठेवा. सहकारी बँकेत किंवा पोस्टात खातं उघडलं तरी चालतं.

अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, अर्जाची मुदत २९ पर्यंत. मधे चौथा शनिवार आणि रविवार, म्हणजे हातात दिवस मोजकेच. आम्ही शुक्रवारी २५ ला अर्ज भरला. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक, म्हणजे अर्जावर सही करून त्याचं नाव सुचवणारे मतदार, लागतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच पुरतो. दहा जणांचे यादी भाग आणि अनुक्रमांक आदल्या रात्री मतदार यादीतून पुन्हा ताडून घेतले. अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. सव्विसाव्या नमुन्यातलं शपथपत्र, त्यातली एकही जागा कोरी ठेवायची नाही. लागू नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहायचंच.

अर्ज दिल्यावर खर्चाची नोंदवही हातात आली. तिच्यात तीन भाग असतात. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोखीची नोंद, पिवळ्या पानांवर बँकेची. बरोबर दरपत्रकाचा गठ्ठा. खुर्ची, मंडप, भोंगा, रिक्षा, फलक, चहा, वडापाव, हार, फेटा, प्रत्येकाचा जिल्ह्यासाठी ठरवलेला दर. विधानसभेला खर्चमर्यादा ४० लाख, जानेवारी २०२२ पासूनची. २०१९ च्या विधानसभेला ती २८ लाख होती. सर वही चाळत म्हणाले, “चाळीस लाख! आपल्याला चार मिळाले तरी डोक्यावरून पाणी.”

खर्च मोजायला सुरुवात होते अर्ज भरल्याच्या दिवसापासून आणि संपते निकालाच्या दिवशी. पण अर्जाआधी छापून ठेवलेली पत्रकं नंतर वाटली, तर त्यांचाही खर्च धरायचा. आणि फुकट मिळालेलंही खर्चातच येतं. सरांच्या एका माजी विद्यार्थ्याने आपला टेम्पो भोंग्यासकट विनामोबदला दिला. नवख्या माणसाला वाटेल, पैसे दिले नाहीत तर लिहायचं काय? लिहायचं असं की दरपत्रकाप्रमाणे रोजचं भाडं खर्चात धरायचं आणि तेवढीच रक्कम त्या मुलाकडून वस्तुरूपात मिळालेली देणगी म्हणून जमेला दाखवायची. त्याचं साधं संमतिपत्र घेऊन ठेवलं होतं, ते पुढे कामाला आलं.

मग दिवाळी आली. अर्जांची छाननी ३० ला झाली, सरांचा अर्ज वैध ठरला. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. सरांच्या घरी किराणा दुकान होतं कधीकाळी, त्यामुळे वहीपूजनाची रीत टिकून आहे. काकूंनी ती आयोगाची वहीसुद्धा पाटावर ठेवली, पहिल्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यावर हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, “काकू, सरकारी वही आहे, डाग नको.” तर म्हणाल्या, “अगं, हिशेबाची वही आहे ना? मग तिचा मान तिला.”

देणग्या यायला लागल्या त्याही दिवाळीतच. गावी आलेली पोरं, पुण्या-मुंबईतले माजी विद्यार्थी. १०१ रुपयांपासून ५ हजारांपर्यंत. यूपीआयने पैसे येतात तेव्हा बँकेच्या उताऱ्यात नाव अर्धंमुर्धं दिसतं, पत्ता तर नसतोच, आणि हिशेबात देणगीदाराचं नाव-पत्ता लागतो. म्हणून मी एक नियमच केला. पैसे पाठवले की त्याच वेळी पूर्ण नाव, गाव आणि रक्कम व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायची, नाहीतर रक्कम परत. एका व्यक्तीकडून रोख १० हजारांपेक्षा जास्त घ्यायची नाही आणि एका माणसाला किंवा दुकानदाराला सबंध निवडणुकीत मिळून रोख १० हजारांपेक्षा जास्त द्यायची नाही. त्यावरचं सगळं चेकने किंवा खात्यातून. अपक्षाला दिलेल्या देणगीवर आयकरात सूट मिळत नाही. ती फक्त राजकीय पक्षाला किंवा इलेक्टोरल ट्रस्टला दिलेल्या देणगीवर मिळते. दोघातिघांनी विचारलं, त्यांना हे स्पष्ट सांगून टाकलं. तरीही त्यांनी पैसे दिले.

त्या दिवसांतली एक संध्याकाळ मनातून जात नाही. एक ठेकेदार घरी आले. बोलायला अगदी अदबशीर. पिशवीतून पन्नास हजारांची बंडलं काढून टीपॉयवर ठेवली आणि म्हणाले, “सर, कामाला येतील. फक्त माझं नाव कुठं नको.” सरांनी चहा मागवला, त्यांच्या मुलांची चौकशी केली आणि जाताना पिशवी त्यांच्या हातात परत दिली. ते गेल्यावर मला म्हणाले, “नाव नको म्हणणारा माणूस नंतर काम सांगायला येतो.”

हीच गोष्ट देशाच्या पातळीवर निवडणूक रोख्यांची, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षाला देणगी म्हणून द्यायच्या रोख्यांची, होती. २०१७ च्या अर्थसंकल्पात ही योजना आली, २०१८ पासून रोखे विकायला लागले. कोणी कोणाला दिले हे मतदाराला कळणार नाही अशी तिची रचनाच होती. त्याच वेळी कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही उठवली गेली. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ती योजना रद्द केली. पक्षाला पैसा कुठून येतो हे जाणणं मतदाराच्या माहितीच्या अधिकारात येतं, असं सांगितलं. मार्चमध्ये स्टेट बँकेची आकडेवारी आयोगाच्या संकेतस्थळावर आली. मी ती तेव्हा वर्तमानपत्रात वाचली होती, पण तिचं वजन मला कळलं ते टीपॉयवरची ती पिशवी पाहिल्यावर.

४ नोव्हेंबरला माघारीची मुदत संपली आणि दुपारनंतर चिन्ह मिळालं. इथे अपक्षाची खरी अडचण सुरू होते. पक्षाचं चिन्ह पाच वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर असतं. अपक्षाला ते मतदानाच्या जेमतेम पंधरा दिवस आधी मिळतं आणि तेवढ्यात छापायचं, वाटायचं, सांगायचं. छापखान्यातल्या अण्णांकडे त्याच रात्री गेलो. पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच, आणि प्रतींची संख्याही. छापण्याआधी प्रकाशकाने दोन ओळखीच्या माणसांच्या सह्यांचं घोषणापत्र छापखान्याला द्यायचं. अण्णांना हे तोंडपाठ होतं. २० हजार एकरंगी पत्रकांचं बिल १३ हजारांच्या घरात गेलं, चेकने दिलं. बिलावर उमेदवाराचं नाव, तारीख आणि नगसंख्या आहे ना, हे दुकानातच बघून घ्या.

प्रचाराच्या काळात खर्च निरीक्षकांसमोर वही किमान तीनदा तपासली जाते. तारखा आधी कळवतात. गेलं नाही तर नोटीस येते, गाड्यांच्या परवानग्याही काढून घेतल्या जाऊ शकतात. तिकडे त्यांच्याकडे एक छाया निरीक्षण नोंदवही असते. तुमच्या सभेत त्यांचा व्हिडिओवाला येऊन गेलेला असतो, दुसरं पथक ते चित्रण बघून खुर्च्या, फलक, गाड्या मोजतं, आणि दरपत्रकाच्या दराने गुणून तुमच्या नावावर लिहितं. मग दोन वह्या समोरासमोर ठेवतात.

आमचा पहिला फरक खुर्च्यांचा निघाला. एका वाडीतल्या कोपरा सभेला मी ९० खुर्च्या लिहिल्या होत्या, त्यांच्याकडे १५० होत्या. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “मॅडम, व्हिडिओत एवढ्या दिसतात.” मी व्हिडिओ बघायला मागितला. तो मागता येतो, दाखवतात. मागे समाजमंदिराच्या ओट्यावर ग्रामपंचायतीच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या, त्याही मोजल्या गेल्या होत्या. तरीही तिथे तोंडी दुरुस्ती होत नाही. रीतसर नोटीस निघाली, ४८ तासांत लेखी उत्तर द्यायचं होतं. मंडपवाल्याचं बिल, मी सभेच्या आधी काढलेला फोटो आणि एक पानी खुलासा दिला. तो मान्य झाला. प्रत्येक सभेच्या आधी मैदानाचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, हे मी अगदी कळकळीने सांगते. आणि उत्तर देताना चिडून लिहू नका. त्या टेबलावरची माणसं रात्री अकरापर्यंत बसलेली असतात. त्यांच्यापैकी बहुतेक जण लेखा विभागातून तात्पुरते आणलेले, घरापासून लांब.

या सगळ्या धांदलीत रोज एसटी स्टँडवरून जाताना एक मोठा फलक दिसायचा. राज्याच्या नेत्यांचे हसरे चेहरे, पक्षाचं चिन्ह, दोन योजनांची नावं. स्थानिक उमेदवाराचं नाव नाही, फोटो नाही. म्हणजे तो फलक उमेदवाराच्या ४० लाखांत येत नाही. तो पक्षाचा सर्वसाधारण प्रचार. आणि पक्षाच्या खर्चाला आपल्या देशात मर्यादाच नाही. मान्यताप्राप्त पक्षाला ४० जणांपर्यंत स्टार प्रचारक जाहीर करता येतात, त्यांचा हेलिकॉप्टरचा प्रवास उमेदवाराच्या नावावर पडत नाही. उमेदवार त्याच व्यासपीठावर बसला किंवा त्याचं नाव फलकावर आलं, तर मात्र सभेचा वाटा त्याच्या वहीत येतो. एका व्यासपीठावर अनेक उमेदवार असतील तर तो वाटून येतो.

मी कायद्याची विद्यार्थिनी नाही, पण हे असं का आहे ते शोधून वाचलं. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्या मर्यादेत धरला पाहिजे, नाहीतर मर्यादेला अर्थ उरत नाही. काही आठवड्यांत सरकारने वटहुकूम आणून आणि मग कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला. २००३ मध्ये ती तरतूद थोडी आवळली, पण नेत्यांच्या प्रवासाची सूट राहिली. आमच्या सभेतल्या साठ खुर्च्यांसाठी नोटीस निघते याचं मला वाईट वाटत नाही, निघालीच पाहिजे. पण तीच मोजपट्टी हेलिपॅडपर्यंत का जात नाही, हा प्रश्न मी विचारत राहणार.

१८ नोव्हेंबरला संध्याकाळी प्रचार थांबला. २० ला मतदान, २३ ला निकाल. सर हरले, आणि वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत म्हणून अनामतही गेली. त्या रात्री कार्यकर्ती पोरं रडली. सर प्रत्येकाला जेवायला वाढत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुझं काम अजून संपलेलं नाही.”

खरंच संपलं नव्हतं. निकालापासून ३० दिवसांच्या आत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, अंतिम हिशेब द्यायचा असतो. आमच्यासाठी २३ डिसेंबर. हरलेल्यांनीही, अनामत गेलेल्यांनीही. बरेच अपक्ष इथेच थकतात आणि घरी बसतात. पण हिशेब दिला नाही किंवा ठरलेल्या रीतीने दिला नाही, आणि त्याला सबळ कारणही नसलं, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०-क खाली आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. आधी नोटीस येते, उत्तराला २० दिवस मिळतात.

मुदतीच्या काही दिवस आधी ताळमेळ बैठक होते. तिला जरूर जा, कारण छाया नोंदवहीशी राहिलेले फरक तिथे शेवटचे मिटवता येतात. आमचा टेम्पोच्या दोन दिवसांच्या भाड्याचा फरक तिथेच सुटला, संमतिपत्रामुळे. मग मूळ नोंदवही, गोषवारा आणि त्याच्या अनुसूची, शपथपत्र, क्रमांक घातलेली आणि सही केलेली मूळ बिलं, बँकेचा उतारा, असा गठ्ठा तयार केला. सगळ्याच्या झेरॉक्स काढून एक संच घरी ठेवला. एकूण खर्च २ लाख ६३ हजार. दाखल केल्यावर पोच घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका. आमची पोच लिहिणाऱ्या साहेबांना बैठकीला जायचं होतं, म्हणून दुपारभर व्हरांड्यात बसून राहिलो.

तिथे बसल्या बसल्याच नोटीस बोर्डावर एक कागद दिसला. कोणकोणत्या उमेदवारांचे हिशेब दाखल झाले आणि ते कधी बघता येतील याचा. निवडणूक संचालन नियम १९६१ चा ८८ वा नियम सांगतो की, एक रुपया शुल्क भरून कुणीही कुठल्याही उमेदवाराचा हिशेब पाहू शकतो आणि ठरलेलं शुल्क देऊन साक्षांकित प्रतीही घेऊ शकतो. कारण विचारायचा अधिकार कुणाला नाही. जानेवारीत मी अर्ज घेऊन गेले. एका रुपयाची पावती कोणत्या सदराखाली फाडायची हे तिथे कुणालाच पटकन सांगता येईना. इतकं हे कुणी मागत नाही. पुढच्या आठवड्यात या म्हणाले, मी गेले, आणि एका टेबलावर बसून मोठ्या पक्षाच्या एका उमेदवाराची वही पान पान वाचली.

ती खोटी होती असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे तसा पुरावा नाही. वही नीटनेटकी होती, बिलं लावलेली होती, मर्यादेच्या खूप आत. मी माझ्या डोळ्यांनी जे गावागावांत बघितलं होतं, त्यातलं बरंचसं तिच्यात नव्हतं आणि कायद्याने असायलाही नको होतं, कारण ते पक्षाचं होतं. २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे यांनी जाहीर भाषणात सांगितलं होतं की, २००९ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांचा ८ कोटी खर्च झाला. तेव्हा मर्यादा २५ लाख होती आणि आयोगाने त्यांना नोटीस काढली. अशोक चव्हाण यांच्या २००९ च्या खर्चाच्या प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, आयोग हिशेब वेळेत आला का एवढंच नाही, तर तो खरा आहे का हेही तपासू शकतो. पुढे आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला, ते वेगळं. पण तपासायचा अधिकार आहे हे ठरलं.

दुसरी गोष्ट देणगीदारांची. आमच्या हिशेबात १०१ रुपये देणाऱ्या गवंड्याचंही नाव आहे. राजकीय पक्षांना मात्र २० हजारांपर्यंतच्या देणगीदारांची नावं आयोगाला कळवावी लागत नाहीत. पक्षांनाही विधानसभा निवडणुकीनंतर ७५ दिवसांत खर्चाचं विवरण आयोगाला द्यावं लागतं, पण त्या विवरणाला कुठली कमाल मर्यादा नाही. सरकारी खर्चाने निवडणुका लढवाव्यात असं म्हणणाऱ्यांना मी एवढीच आठवण करून देईन की, १९९८ च्या इंद्रजित गुप्ता समितीनेही ती मदत मान्यताप्राप्त पक्षांपुरतीच सुचवली होती, अपक्षांना नाही. मला स्वतःला आधी पक्षाच्या खर्चावर मर्यादा आणि प्रत्येक देणगीदाराचं नाव, या दोन गोष्टी हव्यात. आमच्यासारख्या चार माणसांना ते रोज रात्री लिहिता आलं, तर शेकडो कर्मचारी असलेल्या पक्ष कार्यालयांना न येण्यासारखं त्यात काही नाही.

फेब्रुवारीत खातं बंद केलं. उरलेले ११ हजार रुपये परत करायचं सरांनी ठरवलं होतं. सगळ्यांना वाटून देणं शक्य नव्हतं, म्हणून शेवटी आलेल्या देणग्या, जमेल तितक्या, पूर्ण परत केल्या. प्रत्येकाला गोषवाऱ्याची प्रतही पाठवली.

तुमच्या मतदारसंघातला हिशेब बघायचा असेल तर साध्या कागदावर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा. त्यात मतदारसंघाचं नाव व क्रमांक, निवडणुकीचं वर्ष, उमेदवाराचं नाव आणि ‘निवडणूक संचालन नियम १९६१, नियम ८८ नुसार’ एवढं लिहा. सुटा रुपया बरोबर न्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. सकाळी लवकर जा, निवडणूक शाखेत दुपारनंतर बैठका असतात. आणि एकट्याने न जाता हिशेब वाचता येणारं कुणीतरी बरोबर घ्या.